केसिंगचं टोपण

आमच्या भागात माणूस माणसाला काहीही विचारतो. केळी काय भावाने कापली, नवतीला, म्हणजे नव्या लागणीला किती मिळाले, पिलबागेला, म्हणजे खोडव्याला किती, पोराचं लग्न कुठे जमलं, सोसायटीचं किती थकलंय. एकच गोष्ट सहसा कोणी विचारत नाही आणि विचारलीच तर खरं उत्तर मिळत नाही. बोअरला पाणी किती फुटांवर आहे? बोअर किती खोल मारली ते सांगतात, त्यात जरा मोठेपणाही असतो. "सहाशे फूट मारेल हाये." पण त्या सहाशे फुटांत पाणी आज कुठे उभं आहे आणि गेल्या उन्हाळ्यात कुठे होतं, हे बहुतेकांनी कधी पाहिलेलं नसतं. मोजायला काही मोठं यंत्र लागत नाही. तरी केसिंगचं, म्हणजे बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या पाइपचं, टोपण काढून आत डोकावायचं नाही, असं घराघरात न बोलता ठरलेलं असतं. आमच्याही घरात ठरलेलं होतं.

आमचं गाव यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीकडे उतरत जाणाऱ्या पट्ट्यात. डोंगराला लागून गोटे आणि वाळूचा जाड थर आहे, भूगर्भाचे जाणकार त्याला बझाडा म्हणतात. डोंगरातून फेसाळत येणारा नाला त्या थरात जिरत जिरत येतो आणि गावापर्यंत पोचेस्तोवर निम्मा होतो. तिथे जिरलेलं पाणी जमिनीच्या पोटातून खाली आमच्या गाळाच्या रानात उतरतं. इथे वाळूचा थर, मग चिकणमातीचा, मग परत वाळूचा, असं शेकडो फूट चालतं. आजेसासऱ्यांच्या काळी पन्नास-साठ फुटांच्या विहिरीवर मोट चालायची. पुढे वीज आली. मग विहिरीच्या तळाशी उभी बोअर मारायला लागले, मग विहीर सोडून नुसती बोअर, आणि तिच्यात सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडवून चालवायची मोटार. जुन्या विहिरी कोरड्या पडल्या. आमची विहीर मी लग्न होऊन आले तेव्हापासून कोरडीच आहे, तिच्यात कापलेल्या केळीचे खांब टाकायचे.

केळीविषयी मी वावगं बोलणार नाही. माझं माहेर रावेर तालुक्यातलं. माझं आणि भावाचं शिक्षण केळीवर झालं, सासरचं घर केळीवर उभं राहिलं. सावदा आणि रावेरच्या स्टेशनावरून डबेच्या डबे भरून माल दिल्लीला जातो. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्या इथे लोक खरोखर हरखले होते. ज्या पिकाने घर चालवलं, त्याचाच हिशोब मांडायला बसणं सोपं नसतं. म्हणून हे सगळं इतकी वर्षं झाकून राहिलं असावं.

२०२४ च्या एप्रिलमध्ये आमच्या बोअरची मोटार फेस मारायला लागली. बाग निसवणीला, म्हणजे घड बाहेर पडायला आलेली, ऊन रणरणतं, आणि अर्धा-पाऊण तास पाणी आलं की मग नुसती हवा. थोडं थांबायचं, परत चालू करायची, परत फेस. आबा, म्हणजे माझे सासरे, यांनी दोन दिवस पाहिलं आणि संध्याकाळी जेवताना सांगून टाकलं की नवी बोअर मारायची, आठशे फूट. बोअरच्या गाडीवाल्याशी बोलणं झालंय. बोअर, केसिंग, मोटार, केबल, पाइप असा सगळा मिळून चार-पाच लाखांचा मामला होता. त्यासाठी सासूबाईंच्या पाटल्या गहाण टाकायच्या आणि उरलेले हातउसने.

मी विचारलं, "आबा, आत्ता पाणी कितीवर आहे?"

कोणी बोललं नाही. नवऱ्याने ताटातली नजर वर केली नाही. मग आबा म्हणाले, "मोजीसनी काय पानी वर येनार हाये का?"

हा प्रश्न मला पुढे वर्षभर गावातल्या अनेक तोंडांतून ऐकायला मिळाला. तो बावळट प्रश्न नाही. त्याला उत्तर देता आलं पाहिजे, आणि त्या रात्री मला ते देता आलं नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की आबांना आकडा माहीत नसला तरी आकडा वाईट आहे हे पक्कं माहीत होतं. नाहीतर माणूस सहाशे सोडून आठशे कशाला म्हणेल? न पाहताही सत्य त्यांच्या निर्णयात शिरलेलं होतंच. फक्त ते भीतीच्या रूपात शिरलेलं होतं, आणि भीती नेहमी जास्त खोल मारायला सांगते.

मोजायचं साधन पुतण्याने बनवलं. तो इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करतो. दोन पदरी वायर, खालच्या टोकाला दोन्ही तारा उघड्या ठेवून एकमेकींपासून वेगळ्या बांधल्या, वायर सरळ खाली जावी म्हणून जड नटबोल्ट, आणि वरच्या टोकाला बॅटरीचे सेल आणि बझर. तारा पाण्याला लागल्या की वीज पुढे जाते आणि बझर वाजतो. वायरीवर दर दहा फुटांना काळी आणि दर पन्नासला लाल चिकटपट्टी. ओट्यावर वायर पसरून आम्ही दोघांनी खुणा केल्या. सासूबाई पाहत होत्या, म्हणाल्या काही नाहीत, पण पट्टी कापायला कात्री त्यांनीच आणून दिली.

मोजायची वेळ साधणं हेच खरं काम. मोटार चालू असताना किंवा नुकतीच बंद झाली असताना मोजलं तर पाणी ओढल्यामुळे खाली गेलेलं असतं, तो आकडा खरा नव्हे. पाणी परत वर चढून स्थिर व्हावं लागतं. त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्री होती, म्हणजे मोटार पहाटेपर्यंत चाललेली. दिवसभर विसावा आणि परत लाइट यायच्या आत, दिवेलागणीला मोजायचं. ऑटोस्विच आठवणीने बंद करायचा. आमच्याकडे सगळ्यांच्या स्टार्टरला ऑटोस्विच आहे. लाइट आली की मोटार आपोआप चालू, माणूस घरी झोपलेला, बागेला पुरे झालं तरी पाणी चालूच. या एका डबीने जमिनीखालचं किती पाणी फुकट गेलं असेल याचा विचार केला की मला आजही राग येतो.

केसिंगचं टोपण गंजून बसलं होतं. पान्याने काढलं. मोटारीचं पाणी वर आणणाऱ्या कॉलम पाइपाच्या बाजूने वायर सोडली. ती मध्येच अडकते, मोटारीच्या केबलला गुंडाळते, हलक्या हाताने वर घेऊन परत सोडावी लागते. शंभर गेलं, दोनशे गेलं. अडीचशेला मला वाटलं आता वाजेल. तीनशेची लाल पट्टी हातातून गेली तेव्हा नवऱ्याने मोबाइलचा उजेड माझ्या हातावर धरला. बझर वाजला ३६२ फुटांवर. खात्रीसाठी वर ओढून परत सोडली. तेवढंच.

आबा बांधावर उभे होते, जवळ आले नव्हते. लांबूनच विचारलं, "किती?" मी सांगितलं. ते घरी गेले आणि देवघराच्या कपाटातली पत्र्याची पेटी काढून बसले. त्या पेटीत सातबारे, पावत्या आणि २००९ ची एक चिठ्ठी होती. बोअर मारली तेव्हा गाडीवाल्याने लिहून दिलेली. खोली ४८० फूट, पाणी २४० वर. ती चिठ्ठी आबांनी पंधरा वर्षं जपली होती आणि पंधरा वर्षं तिच्याकडे पाहिलं नव्हतं. पंधरा वर्षांत पाणी १२२ फूट खाली गेलं होतं. वर्षाला आठ फूट.

मोटार होती ४०० वर. म्हणजे मोटारीच्या डोक्यावर जेमतेम अडतीस फूट पाणी, आणि मोटार चालू झाली की ते तिच्यापर्यंत खाली जाणार. फेसाचं कारण समोर आलं. आबांनी लगेच हिशोब केला. आठशे मारली तर खाली चारशेच्या वर फूट मिळतात, आठच्या हिशोबाने माझा जन्म निघेल, पोराचाही निघेल. वरवर बरोबरच वाटतो तो हिशोब. पण वर्षाला आठ फूट हा वेग सगळ्यांच्या बोअर चारशे-पाचशेच्या होत्या तेव्हाचा. शेजारीपाजारी सगळेच आठशेवर गेले, मोठ्या मोटारी आल्या, तर तो आठ राहील कसा? शिवाय खाली वाळूच लागेल याची हमी कोण देणार? आमच्याच शिवारात सातशे फूट जाऊन नुसती चिकणमाती निघालेल्या बोअरी आहेत. आणि साडेसात एचपीपर्यंतच्या कृषीपंपाचं बिल २०२४ पासून माफ झालं, पण इतक्या खोलातून साडेसात एचपी पुरेसं पाणी उचलत नाही. खोल जाणाऱ्याला मोटार मोठी घ्यावीच लागते आणि बिल भरावंच लागतं.

मी दुसरा हिशोब मांडला, रात्री, स्वयंपाकघरात बसून. पाणलोटाच्या प्रशिक्षणात शिकवतात तोच. आमच्याकडे पाऊस साधारण ७०० मिलिमीटर धरला, तर एका एकरावर वर्षात २८ लाख लिटर पाणी पडतं. त्यातलं बरंचसं वाहून जातं, उडून जातं, पीक पितं. गाळाच्या जमिनीतही खाली पोचतो तो साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे साडेपाच लाख लिटर. आता खर्चाची बाजू. पाच बाय पाचवर एकरात साधारण १,७५० केळी. उन्हाळ्यात झाडाला दिवसाला वीस लिटर लागतात, हिवाळ्यात कमी, म्हणून सरासरी पंधरा धरले. पावसाचे दिवस वगळून अडीचशे दिवस. होतात ६५ लाख लिटर. जमिनीत जमा साडेपाच लाख, उचल पासष्ट लाख. मी दोनदा शून्यं मोजली. मग नवऱ्याला मोजायला दिली.

"पण आपलं ठिबक हाये ना," तो म्हणाला. आहे, आणि ठिबक नसतं तर याहून वाईट झालं असतं. पाटाने पाणी द्यायचो तेव्हा एकराला लागायचं त्यात ठिबकवर दीड-दोन एकर निघाले. पण ते वाचलेलं पाणी जमिनीत राहिलं कुठे? त्यावर आम्ही दीड-दोन एकर केळी लावली. गावात सगळ्यांनी तेच केलं. पूर्वी ज्या रानात ज्वारी आणि हरभरा व्हायचा, तिथेही नळ्या पसरल्या.

पाटल्या गहाण पडल्या नाहीत. आबांनी नव्या बोअरचं रद्द केलं नाही, "यंदा थांबू" म्हणाले. मोटार आणखी चाळीस फूट खाली सोडली आणि कशीबशी बाग काढली.

इथवर आमच्या घरचं झालं. खरी परीक्षा गावात झाली.

गोष्ट पसरली ती पुतण्यामुळे. त्याच्या मित्रांनी वायर मागितली. मग बचतगटातल्या बायकांनी विचारलं, आमच्या बोअरचं मोजशील का? मी गटाची हिशोबनीस आहे, माझ्या वहीवर त्यांचा विश्वास. असं करत करत मी, पुतण्या आणि गटातल्या दोघी, आम्ही गावातल्या निम्म्याहून जास्त बोअरी मोजल्या. उरलेल्यांनी मोजू दिल्या नाहीत. मला इथे त्यांच्याबद्दल सविस्तर लिहायचं आहे, कारण सत्य टाळणाऱ्याला भित्रा किंवा मूर्ख म्हणून निकाली काढणं फार सोपं असतं आणि ते खोटं असतं.

एकांच्या मुलीचं लग्न ठरत होतं. पाहुणे शेत पाहायला येणार होते. त्यांनी मला हात जोडले. "ताई, तारीख निघू द्या, मंग मोजा." दुसरे जमिनीचा एक तुकडा विकणार होते, पोराच्या शिक्षणासाठी. पाणी चारशेच्या खाली गेलेलं आहे असं गावात झालं तर एकराला किती भाव पडेल हे मला सांगायची गरज नव्हती. एकांना भीती कायद्याची होती. भूजल कायद्यात अधिसूचित भागात ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई आहे, म्हणजे दोनशे फूट. आमच्याकडे दोनशे फुटांवर नुसती धूळ निघते. तालुका अतिशोषित आहे, म्हणजे जमिनीत जितकं पाणी भरतं त्याहून जास्त उपसलं जातं, हे सरकारी मोजणीत लिहिलेलंच असतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा वर्षातून चारदा निरीक्षण विहिरी मोजते. पण तालुक्याचा आकडा कोणालाच टोचत नाही. आपल्या शेतातला, आपल्या बोअरचा आकडा वहीत लिहिला गेला की तो टोचतो, कारण त्याच्या पुढे आपलं नाव येतं.

काही जण मेगा रिचार्जची वाट पाहत होते. तापीचं पावसाळ्यातलं पाणी सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या गोटेवाळूच्या थरात नेऊन जिरवायचं, ही मोठी योजना आहे. त्यासाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाचा करार मे २०२५ मध्ये झाला. मीही त्या योजनेची वाट पाहते. ती व्हावी असं मला मनापासून वाटतं. पण ती होईल म्हणून आज आकडा पाहायचा नाही, हे मला पटत नाही. पाणी येईल तेव्हा ते किती चढलं हे कळायला तरी आजचा आकडा हवा.

आणि एक म्हातारे बाबा होते, त्यांनी मोजू दिलं, आकडा ऐकला, आणि नंतर कितीतरी दिवस मला भेटले की सांगायचे, "सूनबाई, रातच्याले झोप नाही येत." त्यांच्या वयाला, त्यांच्या मुलगा पुण्यात असलेल्या घराला, त्या आकड्याचा काय उपयोग झाला? मी यावर पुष्कळ विचार केला. त्यांना न सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

माझ्या आईला शेवटी आजार झाला तेव्हा डॉक्टरांनी भावाला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं. आम्ही आईला पूर्ण सांगितलं नाही. तिने कधी विचारलं नाही. ती सगळं समजून होती असं मला वाटतं, पण तिला ते शब्दांत नको होतं, आणि ते तिचं होतं. तिचं शरीर, तिचे उरलेले दिवस. तिला जे ऐकायचं नव्हतं ते तिच्या कानावर घालण्याचा हक्क आमचा नव्हता. हे मला आजही बरोबर वाटतं. म्हणून "सत्य नेहमी जाणून घेतलंच पाहिजे" असं जे म्हणतात, त्यांच्याशी माझं जमत नाही.

पण बोअरचं तसं नाही. जमिनीच्या वर बांध आहेत, गट नंबर आहेत, भाऊबंदकीचे दावे आहेत. खाली बांध नाही. माझ्या मोटारीने ओढलेलं पाणी शेजारच्या वाळूतून येतं, शेजाऱ्याच्या मोटारीने ओढलेलं माझ्या. एका खात्यावर सगळ्या गावाने पैसे काढावेत आणि पासबुक कोणीच भरून आणू नये, असं चाललेलं असतं. इथे मी न पाहण्याचं ठरवते तेव्हा त्याची किंमत मी एकटी देत नाही. पलीकडची विधवा बाई देते, जिची बोअर आमच्यापेक्षा उथळ आहे आणि जिला खोल मारायला पैसा नाही. तिचं पाणी आमच्या आधी संपणार. आकडा मागायला सगळ्यात आधी आलेल्यांत ती होती. तिने आकडा ऐकला, मान हलवली आणि म्हणाली, "बरं झालं, आता पोरगा केळी लावू म्हनला तं त्याले सांगता येईन." त्या वर्षी तिने मका आणि हरभरा केला. तिच्या नवऱ्याने तीन फसलेल्या बोअरींचं कर्ज मागे ठेवलेलं आहे. न मोजता मारलेल्या बोअरीची किंमत गावात तिच्याहून जास्त कोणाला माहीत असेल?

तेव्हा कोणतं सत्य टाळायचा हक्क आपल्याला आहे, हे ते सत्य कोणाकोणाचं आहे यावर ठरतं, असं माझं मत झालं.

पावसाळ्याच्या आधी विठ्ठल मंदिरात बैठक झाली. विषय एकच होता, हे आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहायचे की नाही. केंद्राच्या अटल भूजल योजनेत, जी २०१९ च्या डिसेंबरात सात राज्यांसाठी सुरू झाली, गावाने पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि माहिती उघड करायची अशी पद्धत होती. त्याचं ऐकून आमच्यातल्या काही तरुणांना वाटलं आपणही लिहावं. बैठक तापली. "गावाची अब्रू भिंतीवर टांगता का?" "पोरींले कोन पाहाले येईन या गावात?" "बँकवाला वाचीन, कर्ज नाही देनार." एकजण मला उद्देशून बोलले, की बाईमाणसाने शेतातल्या गोष्टीत किती पडावं. त्यावर माझ्याआधी सासूबाई बोलल्या. बायकांच्या रांगेतून, बसल्या जागेवरून. "पाटल्या माह्या जानार होत्या."

त्यानंतर जरा शांतपणे बोलणं झालं. शेवटी ठरलं ते मला आदर्श वाटत नाही, पण चालण्यासारखं वाटतं. नावाने आकडे लिहायचे नाहीत. गावाच्या शिवाराचे चार भाग करायचे, डोंगराकडचं, नाल्याकाठचं, उगवतीचं, तापीकडचं, आणि प्रत्येक भागातली सरासरी पातळी वर्षातून दोनदा लिहायची, एप्रिलअखेर आणि ऑक्टोबरमध्ये. नावाची वही माझ्याकडे. ज्याचा आकडा त्यालाच दाखवायचा. लग्न जमत असलेल्या घरच्यांनी या अटीवर मोजू दिलं, आणि लग्नही झालं.

भिंतीवरचा आकडा एकाला टोचत नाही, पण सगळ्यांना दिसतो. लोक डेअरीवर दूध घालायला येताना वाचतात. उगवतीच्या शिवारातले म्हणतात, आमच्याकडे वरच्यांपेक्षा जास्त का उतरलं? मग तिथे किती ऑटोस्विच आहेत, कोण रात्रभर पाणी सोडतो, याचं बोलणं निघतं. भांडणंही झाली. पण ती भांडणं निदान पाण्याबद्दल होती, आधी बांधावरून व्हायची.

आमच्या घरी आबांनी २०२४ च्या मृगाला दोन एकर केळी कमी केली. तिथे कापूस आणि मग हरभरा घेतला. पैसा कमी आला, हे लपवण्यात अर्थ नाही. दिराने वर्षभर त्याचा राग धरला आणि त्याचं चुकीचं होतं असंही मी म्हणणार नाही, त्याचं पोरगं नुकतंच इंजिनीअरिंगला गेलं होतं. जुन्या कोरड्या विहिरीतले केळीचे खांब उपसून काढले, हे फार कष्टाचं काम होतं, त्या घाणीत मजूर उतरायला तयार नव्हते. नाल्याचं पावसाळी पाणी वळवून, मध्ये गोटे, खडी आणि वाळूचा गाळणखड्डा करून ते विहिरीत सोडलं. गढूळ पाणी तसंच सोडलं तर तळ गाळाने बुजतो आणि पाणी जिरत नाही, म्हणून तो खड्डा नीट केला पाहिजे आणि दर पावसाळ्याआधी वरची वाळू बदलली पाहिजे.

ऑक्टोबरला बझर ३४१ वर वाजला. आबांनी त्या दिवशी स्वतः वायर धरली. २०२५ च्या एप्रिलअखेर आकडा आला ३६६. म्हणजे वर्षात चारच फूट उतरलं, आठ नाही. पण त्या साली पाऊसही चांगला होता, त्यामुळे हे आमच्या कापसाने झालं की पावसाने, हे एका वर्षावरून सांगता येत नाही. चार-पाच वर्षांचे आकडे हाती आले म्हणजे बोलता येईल. गावात एकूण केळी किती कमी झाली असं विचाराल तर फार नाही. भाव चांगला निघाला की पावसाळ्याच्या सुरुवातीची मृगबाग आणि पावसाळ्यानंतरची कांदेबाग, केळीच्या दोन्ही लागणी होतात. तरी त्या साली आमच्या आळीत ज्यांनी आपला आकडा पाहिला होता, त्यांच्यापैकी कोणी आठशेची बोअर मारली नाही. आबांच्या प्रश्नाला मी आता एवढं उत्तर देऊ शकते. मोजून पाणी वर येत नाही, पण खाली जाण्याची घाई कमी होते.

झोप न येणाऱ्या बाबांना मी मध्येमध्ये भेटते. ऑक्टोबरचा आकडा त्यांना घरी जाऊन सांगितला. ज्याला वाईट आकडा सांगितला त्याच्याकडे नंतर फिरकायचं नाही, हे मला चालत नाही. त्यांनी आपल्या रानात यंदा कडुनिंब आणि शेवग्याची झाडं लावली, पुण्याच्या मुलाने हरकत घेतली नाही.

आमच्या बांधाला लागून ज्यांचं शेत आहे, त्यांनी अजून मोजू दिलेलं नाही. त्यांची बोअर आमच्यापासून दोनशे फुटांवरही नाही. आमच्या दोघांची मोटार एकाच वाळूतून पाणी ओढते, त्यामुळे आमच्या वहीतला अर्धा हिशोब त्यांच्या टोपणाखाली अडकलेला आहे. सणाला आम्ही एकमेकांकडे जातो, पुरणपोळीचं ताट जातं-येतं, त्यात काही फरक पडलेला नाही. पण बोअरचा विषय काढला की ते म्हणतात, "जे झाकेल हाये ते झाकेल ऱ्हाऊ द्या, वहिनी." त्यांच्या परवानगीशिवाय मी त्यांच्या बोअरला हात लावणार नाही. एप्रिल संपायच्या आत परत विचारणार आहे, आणि या वेळी आबा सोबत येतो म्हणालेत.